टर्मिनलवर चालतं, रात्री पडतं : चालला कुठला प्रोग्राम आणि वाचलं कुणाचं मॅन्युअल?

लक्षण असं. महिन्याच्या १ तारखेला रात्री अडीचची बॅकअप स्क्रिप्ट पडते. लॉगमध्ये आरसिंकची (फाइलींची एका जागेहून दुसरीकडे नक्कल करणारा प्रोग्राम) तक्रार असते, ‘--एमकेपाथ’ असला काही पर्याय मला माहीत नाही. सकाळी ड्युटीवर आलेला पोरगा टर्मिनल उघडतो, तीच स्क्रिप्ट हातानं चालवतो आणि ती मुकाट शेवटपर्यंत जाते. तक्रारीच्या तिकिटावर ‘तात्पुरती अडचण, पुन्हा चालवले’ असा शेरा पडतो, तिकीट बंद. मग महिनाभर शांतता. पुढच्या १ तारखेला पुन्हा तेच.

आमच्याकडे नवी मुंबईत महापेच्या ऑफिसात हे लागोपाठ तीन महिने झालं. पहिल्यांदा आम्ही डिस्कवर ढकललं. दुसऱ्यांदा त्या रात्री नेमकी वीज गेली होती, त्यामुळे यूपीएसला शिव्या बसल्या. तिसऱ्यांदा आमचे सर म्हणाले, ‘‘मॅडम, हे १ तारखेलाच का पडतं?’’ दोन महिने हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता, मलाही नाही.

पुढे मी आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलला उभी राहून ज्युनिअरला फोनवर सांगते, अगदी तशाच. टाइप करताना त्या अर्थातच रोमन छोट्या अक्षरांत करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय.

१ तारखेचं कोडं

स्क्रिप्टमध्ये अट होती : या महिन्याचा फोल्डर नसेल तर आरसिंकला --एमकेपाथ लावायचं. आरसिंक स्वतःहून फार तर शेवटची एक पातळी तयार करतो; वरची पातळीही नसेल तर तो अडतो. ती सगळी वाट बांधून घ्यायला हा पर्याय. म्हणजे तो लागायचा महिन्यातून एकदाच, १ तारखेला. स्क्रिप्ट पडली की सकाळी पोरगा हातानं चालवायचा, त्यात फोल्डर तयार व्हायचा आणि पुढचे सगळे दिवस त्या पर्यायाची गरजच उरायची नाही. आमची दुरुस्तीच रोग झाकत होती.

(हो, स्क्रिप्टमध्ये आधी फोल्डर बनवणारं ‘एमकेडीआयआर -पी’ टाकलं असतं तर हा प्रश्न एका ओळीत मिटला असता. पण कळला नसता. आणि त्याच मशीनवर त्याच कारणानं अडणारी आणखी दोन कामं होती, ती तशीच राहिली असती.)

मग टर्मिनलवर कसं चालतं? मशीन उबुंटू २०.०४ या लिनक्सचं. त्याच्यासोबत येणारा आरसिंक ३.१.३ आणि --एमकेपाथ आला ३.२.३ मध्ये. म्हणजे सिस्टमच्या आरसिंकला हा पर्याय माहीत असणं शक्यच नव्हतं. तरी टर्मिनलवर तो चालत होता, याचा अर्थ मशीनवर आरसिंक नावाचे दोन होते.

नवी मुंबईत राहणाऱ्याला हे फोड करून सांगावं लागत नाही. कुणी म्हणालं ‘सेक्टर ८ला ये’, तर आपला पहिला प्रश्न असतो, कुठला? वाशीतही सेक्टर ८ आहे, ऐरोलीतही, नेरूळमध्येही. नोड, म्हणजे यातलं नेमकं कुठलं उपनगर, ते सांगितल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही. टर्मिनलवर नुसतं ‘आरसिंक’ लिहिणं म्हणजे नुसतं ‘सेक्टर ८’ म्हणणं. शेलकडे (टर्मिनलमध्ये लिहिलेली आज्ञा वाचून प्रोग्राम चालवणारा) नोडांची, म्हणजे फोल्डरांची, एक यादी असते, तिला पाथ म्हणतात. ती यादी डावीकडून उजवीकडे चालत जायची आणि पहिला सेक्टर ८ दिसला की तिथेच उतरायचं, एवढंच शेल करतो.

यादी बघायची तर :

इको $पाथ

इथे पाथ मोठ्या अक्षरांत. माझ्या टर्मिनलवर यादीत /यूएसआर/लोकल/बिन आधी होतं, /यूएसआर/बिन नंतर. आणि वर्षभरापूर्वी कुणीतरी दुसऱ्या मशीनवर बांधलेला नवा आरसिंक उचलून /यूएसआर/लोकल/बिन मध्ये ठेवून दिला होता. नुसती प्रोग्रामची फाइल. हे ‘नुसती’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेललाच विचारा

बहुतेक जण अशा वेळी ‘व्हिच’ लावतात. वाईट नाही, पण उबुंटूवर व्हिच हा शेलच्या बाहेरचा प्रोग्राम आहे. तो पाथची यादी स्वतः चालून बघतो आणि पहिला सापडेल तो सांगतो. तुमच्या शेलमध्ये त्या नावाचा एलियस (आज्ञेला दिलेलं टोपणनाव) आहे का, फंक्शन आहे का, शेलनं आधीचा पत्ता पाठ करून ठेवलाय का, यातलं त्याला काहीच माहीत नसतं. बॅश या उबुंटूच्या नेहमीच्या शेलमध्ये मी विचारते ते असं :

टाइप -ए आरसिंक

हा शेलचा स्वतःचा शब्द आहे. एलियस, फंक्शन, अंगचा आदेश, फाइल, जे जे त्या नावाचं असेल ते सगळं, लागू पडण्याच्या क्रमानं सांगतो. आमच्याकडे उत्तर आलं : आधी /यूएसआर/लोकल/बिन/आरसिंक, मग /यूएसआर/बिन/आरसिंक. दोघांनाही पूर्ण पत्त्यानं हाक मारून --व्हर्जन विचारलं आणि चोर सापडला.

यात एक खाच आहे. -ए लावलं की टाइप शेलच्या पाठ केलेल्या पत्त्यांकडे बघत नाही. म्हणून मी दोन्ही चालवते, एकदा नुसतं ‘टाइप आरसिंक’ आणि एकदा ‘टाइप -ए आरसिंक’. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर गडबड पाठांतरात आहे. त्याकडे नंतर येते.

‘व्हेअरइज’ मात्र मला आवडतो, पण वेगळ्या कामासाठी. तो प्रोग्राम आणि मॅन पान (‘मॅन’ या आज्ञेनं उघडणारं मॅन्युअल) एकाच ओळीत दाखवतो, सोर्स ठरलेल्या जागी असेल तर तोही. आमच्या आरसिंकला त्यानं तीन पत्ते दिले : दोन प्रोग्राम, एक मॅन पान. प्रोग्राम दोन आणि पान एकच, हे खरं तर तेव्हाच खटकायला हवं होतं. पण व्हेअरइज ठरलेल्या जागा शोधतो आणि सापडलं ते सगळं मांडतो. चालणार कोण ते सांगत नाही. कुठल्या जागा शोधतो ते बघायचं तर ‘व्हेअरइज -एल’.

जिथे पडतं तिथे विचारा

आमचा पोरगा इथवर बरोबर आला होता. ‘‘मॅडम, टाइप लावलं, नवाच येतोय, सगळं ठीक आहे.’’ ठीक होतं, त्याच्या टर्मिनलवर. काम चालवतो क्रॉन, म्हणजे क्रॉनटॅब या यादीतली कामं ठरल्या वेळी आपोआप चालवणारा. आणि क्रॉनला तुमच्या टर्मिनलचा पाथ मिळत नाही. ‘क्रॉनटॅब -ई’नं लिहिलेल्या कामांना डेबियन-उबुंटूवर मिळतं ते फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन. /यूएसआर/लोकल/बिन त्या यादीत नाहीच. म्हणून रात्री जुना आरसिंक चालायचा आणि सकाळी नवा.

गंमत म्हणजे हेच काम /ईटीसी/क्रॉनटॅब मध्ये लिहिलं असतं तर कदाचित कधीच पडलं नसतं. उबुंटू २०.०४च्या त्या फाइलीत वरच पाथची ओळ असते आणि तिच्यात /यूएसआर/लोकल/बिन आहे. एकाच मशीनवर, एकाच क्रॉनच्या दोन दारांना दोन वेगळ्या याद्या.

क्रॉनच्या डोळ्यांनी बघायला रात्रीची वाट बघावी लागत नाही :

एन्व्ह -आय पाथ=/यूएसआर/बिन:/बिन /बिन/एसएच -सी 'कमांड -व्ही आरसिंक'

म्हणजे अंगावरचे सगळे कपडे काढ, फक्त ही यादी दे, साध्या शेलमध्ये जा आणि आरसिंक म्हणून कुणाला हाक मारशील ते सांग. उत्तर आलं /यूएसआर/बिन/आरसिंक. पोरगा दोन सेकंद स्क्रीनकडे बघत बसला आणि मग त्यानं स्वतःच तीन महिन्यांची जुनी तिकिटं उघडली.

इथे ‘टाइप -ए’ का नाही? क्रॉन बॅश वापरत नाही, /बिन/एसएच वापरतो, आणि उबुंटूवर तो म्हणजे डॅश. डॅशच्या टाइपला -ए कळत नाही. तो ‘-ए’ हेच एखाद्या प्रोग्रामचं नाव समजून ते सापडत नाही म्हणून सांगतो. ‘कमांड -व्ही’ सगळीकडे चालतं. स्क्रिप्टच्या आत लिहायचं असेल तरी हेच लिहा.

सुडोचीही (प्रशासकाच्या अधिकारानं आज्ञा चालवून देणारा) तीच कथा. त्याची यादी सुडोअर्स फाइलीत ‘सिक्युअर पाथ’ या नावानं वेगळी असते. उबुंटूवर तीत /यूएसआर/लोकल/बिन आहे, त्यामुळे तिथे सहसा अडत नाही. पण तुमच्या होम फोल्डरमधला प्रोग्राम सुडो लावल्यावर ‘सापडला नाही’ येतो तो यामुळेच. तिथे ‘सुडो व्हिच’ चालवा. व्हिच बाहेरचा प्रोग्राम असल्याचा इथे फायदा होतो, कारण ‘सुडो टाइप’ चालतच नाही. टाइप शेलच्या पोटात असतो, सुडोला हाताला लागत नाही.

आणि आरसिंक दुसऱ्या मशीनवर पाठवत असेल तर तो दोन्ही टोकांना चालतो. पलीकडचा कुठला उचलला जातो ते पलीकडच्या पाथवर. चूक पलीकडून आली तर संदेशात ‘रिमोट मशीनवर’ असं स्पष्ट म्हटलेलं असतं, ते शब्द वाचायचे. तपासायला ‘एसएसएच’नं (दूरच्या मशीनवर आज्ञा चालवणारा) तिकडे नुसतं ‘कमांड -व्ही आरसिंक’ चालवा. लॉगिन करून आत जाऊन नव्हे, एका ओळीत, कारण आत गेल्यावर यादी बदलू शकते. गरज पडली तर --आरसिंक-पाथ या पर्यायानं पलीकडचा पूर्ण पत्ता देता येतो.

इलाज : स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ता लिहा, किंवा क्रॉनटॅबच्या माथ्यावर पाथची ओळ द्या. ओळ दिलीत तर सगळी यादी हातानं लिहा. ‘$पाथ’मध्ये भर घालतो म्हणून तसं लिहिलंत तर क्रॉन ते उलगडत नाही, जशीच्या तशी अक्षरं उचलतो. आमच्या पोरानं नेमकं हेच केलं आणि दुसऱ्या दिवशी त्या क्रॉनटॅबमधली निम्मी कामं बसली.

मॅन्युअलमध्ये हा पर्यायच नाही, मॅडम

खरं लांबलं ते इथे. मधल्या काळात पोरानं मॅन आरसिंक उघडून --एमकेपाथ शोधलं होतं. पानात स्लॅश दाबून शब्द लिहायचा, ‘एन’नं पुढे जायचं, पद्धत बरोबर. सापडलं नाही. त्यानं निष्कर्ष काढला की हा पर्याय अस्तित्वातच नाही, कुणीतरी चुकीचा लिहिलाय. दुसऱ्या तिकिटावर तसा शेराही आहे. मग हातानं कसा चालतो? ‘‘माहीत नाही मॅडम, चालतो.’’

प्रोग्राम शोधणारा वेगळा आणि त्याचे कागद शोधणारा वेगळा, दोघांची ओळख नसते. शेल पाथ बघतो. मॅन स्वतःची यादी बघतो. ती तो पाथवरूनच बनवतो : /यूएसआर/लोकल/बिन दिसलं की /यूएसआर/लोकल/शेअर/मॅन, /यूएसआर/बिन दिसलं की /यूएसआर/शेअर/मॅन. पण पहिल्या जागी पान नसेल तर तो कुरकुर न करता पुढच्या जागी जातो. आमच्याकडे ‘नुसती’ प्रोग्रामची फाइल आणली होती, पान आणलंच नव्हतं. त्यामुळे चालायचा नवा आरसिंक आणि उघडायचं जुन्याचं मॅन्युअल. दोन्ही खरे, पण एकमेकांचे नाहीत.

हे पकडायला एक आज्ञा आहे :

मॅन -डब्ल्यू आरसिंक

ही पान उघडत नाही, पानाचा पत्ता सांगते. ‘-डब्ल्यूए’ केलं तर त्या नावाची सगळी पानं सांगते. पत्ता आला /यूएसआर/शेअर/मॅन/मॅन१ मधला, प्रोग्राम मात्र /यूएसआर/लोकल मधला. दोन नोड. एखादा पर्याय ‘मॅन्युअलमध्ये नाही’ असं म्हणण्याआधी हे दोन पत्ते शेजारी ठेवून बघायची सवय मी आता सगळ्यांना लावते. मॅन पानाच्या तळाशी बहुधा आवृत्ती छापलेली असते, तीही बघावी. आणि घाई असेल तर प्रोग्रामलाच --हेल्प विचारावं; ती मदत त्याच्या पोटातली असते, दुसऱ्याची निघत नाही.

नव्या आवृत्तीच्या सोर्सच्या गाठोड्यात आरसिंकचं मॅन पान असतं. ते कुठेही न बसवता वाचायचं तर ‘मॅन -एल’ आणि पुढे फाइलीचा पत्ता. आम्ही ते /यूएसआर/लोकल/शेअर/मॅन/मॅन१ मध्ये ठेवलं आणि मॅन लगेच योग्य पान उघडायला लागला. शब्दानं शोध घेतल्यावर मात्र ते येईना, कारण तो शोध अनुक्रमणिकेतून होतो आणि ती ‘मॅनडीबी’ चालवल्यावर ताजी होते.

या शब्दशोधाबद्दल थोडं, कारण लोक तो वापरतच नाहीत. नाव आठवत नाही पण काम आठवतं, तेव्हा ‘मॅन -के’ आणि एक शब्द. हेच ‘अप्रोपॉस’ या नावानंही आहे. शब्द इंग्रजी आणि साधा द्या. फार पानं आली तर ‘अप्रोपॉस -ए’ लावून दोन शब्द द्या, म्हणजे दोन्ही असलेलीच येतात. के मोठा केलात तर तो अनुक्रमणिका सोडून सगळ्या पानांचा मजकूर चाळतो. त्याला वेळ लागतो. तोवर खाली टपरीवर कटिंग होतो. ‘काहीही योग्य सापडलं नाही’ असं आलं तर आधी शब्दाला दोष देऊ नका, मॅनडीबी चालवा आणि परत विचारा.

आणि मॅन पानांना विभाग असतात. १ मध्ये रोजच्या आज्ञा, २ मध्ये कर्नलची आवाहनं, ३ मध्ये लायब्ररीची फंक्शनं, ५ मध्ये फाइलींची रूपं, ८ मध्ये प्रशासनाच्या आज्ञा. ही आकड्यांची रीत फार जुनी आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेच्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलपासून विभाग चालत आले आहेत. याचा आपल्याशी संबंध असा : नुसतं ‘मॅन क्रॉनटॅब’ म्हटलं की १ मधलं पान उघडतं, म्हणजे क्रॉनटॅब ही आज्ञा कशी चालवायची. क्रॉनला कुठला पाथ मिळतो आणि $पाथ उलगडत नाही, हे दोन्ही लिहिलंय ‘मॅन ५ क्रॉनटॅब’मध्ये. स्वच्छ, शब्दशः. आमचे तीन महिने गेले ते हा ५ न लिहिल्यामुळे, असं मी पोराला म्हणाले. खरं तर मीही तो लिहिला नव्हता.

‘मॅन सीडी’ किंवा ‘मॅन टाइप’ला पान मिळालं नाही तर घाबरू नका. हे शेलचे अंगचे शब्द आहेत, त्यांचं पान वेगळं नसतं. ‘हेल्प टाइप’ म्हणा, बॅश स्वतः सांगेल.

फाइल कुणी आणली?

सापडलेली फाइल पॅकेजनं (उबुंटूकडून येणारा प्रोग्रामचा तयार संच) आणली की कुणी हातानं ठेवली, हे कळल्याशिवाय तिला हात लावू नये. पॅकेजांची वही सांभाळणारा डीपीकेजी, पुढे -एस, एस मोठा, पुढे पूर्ण पत्ता. /यूएसआर/बिन/आरसिंक दिला तर पॅकेजचं नाव येतं. /यूएसआर/लोकलचा दिला तर असा पत्ता कुठल्याच पॅकेजात नाही म्हणून सांगतं. म्हणजे तो बेवारस. अपडेट त्याला कधीच लागणार नाही, सुरक्षेचे पॅचही नाहीत. हे आमच्या सरांना सर्वांत जास्त लागलं आणि त्यात ते बरोबर होते.

जुन्या उबुंटूवर एक फसवणूक. /बिन आता /यूएसआर/बिनचीच दुसरी पाटी आहे, पण पॅकेजच्या वहीत काही फाइलींचा पत्ता अजून /बिन असाच नोंदलेला. म्हणून ‘टाइप -ए एलएस’नं दिलेला /यूएसआर/बिन/एलएस डीपीकेजीला दिला की तो ओळख दाखवत नाही. तिथे पत्त्याऐवजी '*बिन/एलएस' असं अवतरणात द्या.

उलट दिशेनं, पॅकेजनं काय काय आणलं ते बघायला डीपीकेजी -एल, एल मोठा. त्यातून ‘ग्रेप’नं ‘डॉक’ किंवा ‘मॅन’ गाळून घ्या. /यूएसआर/शेअर/डॉक मध्ये प्रत्येक पॅकेजचा फोल्डर असतो आणि त्यात कधी कधी मॅन पानापेक्षा कामाचा ऐवज सापडतो. आरसिंकच्या फोल्डरात ‘एक्झाम्पल्स’खाली सर्व्हरच्या कॉन्फिगचा तयार नमुना आहे. लोक तो नेटवर शोधत बसतात. बऱ्याच फाइली जीझेड असतात, त्या ‘झेडलेस’नं थेट वाचता येतात. रेड हॅट घराण्याच्या लिनक्सवर याच कामांना ‘आरपीएम -क्यूएफ’ आणि ‘आरपीएम -क्यूएल’. तिथे ‘-क्यूडी’ फक्त कागदपत्रं दाखवतं, ही सोय डेबियनवाल्यांनी उचलावी असं मला फार वाटतं.

‘लोकेट’ आणि ‘फाइंड’ बद्दल फार नाही. लोकेट झटपट, पण त्याची यादी सहसा दिवसातून एकदा बनते. आत्ता ठेवलेली फाइल त्याला दिसत नाही, सकाळी उडवलेली अजून दिसते. फाइंड हळू पण खरं बोलतो. तारांकन वापरलंत तर अवतरणात ठेवा, नाहीतर फाइंडच्या आधी शेलच ते खाऊन टाकतो.

फाइल समोर आहे आणि म्हणतो, नाही

अपग्रेडनंतर गोष्ट उलटी फिरली. आम्ही २२.०४ला गेलो, तिथे सिस्टमचाच आरसिंक ३.२ मालिकेतला. म्हणजे हातानं ठेवलेल्याची गरज संपली. मी तो उडवला, पानही उडवलं. पाच मिनिटांत पोराचा आवाज : ‘‘मॅडम, आरसिंक गेला!’’ त्याच्या टर्मिनलवर संदेश होता, /यूएसआर/लोकल/बिन/आरसिंक अशी फाइल नाही. आणि व्हिच मात्र /यूएसआर/बिन/आरसिंक दाखवत होता.

हेच ते पाठांतर. बॅश एकदा प्रोग्राम शोधला की त्याचा पत्ता लक्षात ठेवतो, म्हणजे दर वेळी यादी चालायला नको. घर पाडलं तरी रिक्षावाला तिथेच नेतोय. नुसतं ‘टाइप आरसिंक’ केलं तर उत्तरात ‘हॅश्ड’ हा शब्द दिसतो, तोच पुरावा. इलाज :

हॅश -आर

सगळं विसरतो आणि नव्यानं शोधतो. नवं टर्मिनल उघडलं तरी तेच होतं, म्हणून ‘लॉगआउट करून आलो की आपोआप बरं झालं’ अशा ज्या तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याच यातल्या असतात.

दुसरा प्रकार जास्त छळतो. फाइल आहे, पूर्ण पत्ता दिलाय, परवानगी आहे, तरी ‘अशी फाइल नाही’. इथे ‘नाही’ असते ती तुमची फाइल नव्हे, तिला चालवणारी. स्क्रिप्टची पहिली ओळ विंडोजवर संपादित होऊन आली असेल तर शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटतं आणि लिनक्स त्या अक्षरासकट नावाचा शेल शोधायला निघतो. ‘फाइल’ या आज्ञेला विचारलं तर ती सीआरएलएफ (विंडोजची ओळ संपवायची खूण) असं सांगते. ‘डॉसटूयुनिक्स’ चालवा. बांधलेल्या प्रोग्रामचं असेल तर त्याला लागणारा लोडर (प्रोग्राम मेमरीत चढवणारा) मशीनवर नसतो. ३२ बिटचा प्रोग्राम निव्वळ ६४ बिटच्या मशीनवर, किंवा उबुंटूवर बांधलेला अल्पाइन या दुसऱ्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये (मशीनच्या आत केलेली वेगळी बंदिस्त जागा). तिथेही ‘फाइल’ हीच पहिली आज्ञा.

संदेश धड वाचता येत नसेल तर आज्ञेनंतर लगेच ‘इको $?’ करा. १२७ आला तर सापडलं नाही, १२६ आला तर सापडलं पण चालवता आलं नाही. १२६ म्हणजे बहुधा परवानगी, किंवा ती डिस्कच ‘नोएक्झेक’ (इथलं काही चालवू नये) लावून जोडलेली.

परवा संध्याकाळी घणसोलीच्या फलाटावर उभी होते तेव्हा पोराचा फोन आला. नवा सर्व्हर, मॅन पानच एकही नाही, सगळं नीट बसवलंय, मॅन -डब्ल्यूही पत्ता देत नाही, मॅनडीबी चालवून झालं. गाडी आली, दार पकडलं, आणि रबाळेपर्यंत मी त्याला एकेक आज्ञा सांगत होते. ऐरोली गेल्यावर सुचलं ते विचारलं, ‘‘अरे, तू कंटेनरच्या आत आहेस का?’’ होता. उबुंटूच्या कंटेनर-प्रतिमा (इमेज) हलक्या राहाव्यात म्हणून मॅन पानं आणि बरीचशी कागदपत्रं मुद्दाम गाळलेली असतात. पॅकेज बसवलं तरी डीपीकेजी ती डिस्कवर उतरवतच नाही. ‘अनमिनिमाइझ’ चालवून ती परत आणता येतात, पण नुसतं एक पान वाचायला एवढा भार कशाला? ‘‘बाहेर ये आणि तिथे मॅन उघड,’’ मी म्हटलं. ‘‘फक्त दोन्हीकडची आवृत्ती एकच आहे ना, ते आधी बघ.’’